मागाहून येणारं युद्ध

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड आहे. ज्वारी, हरभरा, करडई, अलीकडे सोयाबीन आणि ऊस. इथून काश्मीर दूर, लडाख दूर, ढाका तर फारच दूर. या गावाने कधी विमानहल्ल्याचा भोंगा ऐकला नाही. 1965 आणि 1971 साली मुंबईत खिडक्यांना काळे कागद चिकटवले जात होते, तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक घरांत अजून कंदीलच होते. तरी प्रत्येक युद्ध मुरुडला आलं. वर्तमानपत्रातून चार ओळींनी आलं, पुढे रेडिओवरून आवाजाने आलं, पण लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं ते सिनेमाच्या पडद्यावर. आणि पडद्यावर ते नेहमी उशिरा आलं. या उशिराबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्याच्यात आपल्या लोकांचं काहीतरी मोलाचं होतं असं मला वाटत आलं आहे.

पहिली गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हा मुरुड निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मध्ये धावायची ती बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांची गाडी. 1911 साली ती लातूरपर्यंत आली आणि मुरुडला स्टेशन झालं. येडशीच्या पुढे घाट उतरून पांगरीकडे गेलं की राज्य बदलायचं, नाणं बदलायचं. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे कलदार. सामान असेल तर करोडगिरीच्या नाक्याची कटकट वेगळीच. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं माल घेऊन बार्शीच्या आडतीवर जायची आणि पट्टी हातात पडली की रात्री तिथे सिनेमा बघायची. आमच्या घरात ‘रामराज्य’ची आठवण अशीच आली. विजय भट्टांचा हा चित्रपट 1943 सालचा. आजोबा सांगायचे तेव्हा सीतेचं काम करणाऱ्या शोभना समर्थांबद्दल भक्तीने बोलायचे, आणि लगेच म्हणायचे, ‘‘पर त्येच्या आधी लढाई दाखवली.’’

ही लढाई म्हणजे सरकारची बातमीपत्रं. युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने प्रत्येक चित्रपटगृहाला मंजूर माहितीपट दाखवणं सक्तीचं केलं होतं. 1943 पासून ‘इंडियन न्यूज परेड’ सुरू झाली. माणूस सीता बघायला जायचा आणि आधी त्याला रणगाडे बघावे लागायचे. लोकांना हे आवडत नव्हतं. ज्या सरकारने 1942 च्या ऑगस्टमध्ये नेत्यांना तुरुंगात टाकलं, त्याच सरकारचा विजय आपला म्हणून टाळ्या कोण वाजवणार? आजोबा तर निजामाच्या मुलखातून गेलेले, म्हणजे त्यांच्यावर दोन राज्यकर्ते. ते सगळं मुकाट्याने बघायचे आणि सीतेची वाट पाहायचे.

युद्धाने सिनेमाचा कच्चा मालच हिरावून घेतला होता, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नाही. आपल्याकडे तेव्हा कच्ची फिल्म बनत नव्हती, फूटन्‌फूट बाहेरून यायची. जर्मनीची वाट बंद झाली, जहाजांत जागा मिळेना. 1942 साली सरकारने हुकूम काढला की पूर्ण लांबीचा चित्रपट 11,000 फुटांच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे दोन तासांत गोष्ट संपली पाहिजे. तीन-तीन तासांच्या, गाण्यांनी भरलेल्या चित्रपटांची सवय असलेल्या निर्मात्यांना हा मोठा धक्का होता. पुढच्याच वर्षी फिल्म परवान्यावर मिळू लागली. परवाना हवा तर युद्धप्रयत्नांना हातभार लावणारं चित्रही काढा, असा दाब आला. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी होत्या ते हिंदीच्या बाजारात टिकले. मराठी चित्रपट हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले. ‘प्रभात’ने 1944 साली ‘रामशास्त्री’ काढला, तो याच टंचाईत. सत्ताधाऱ्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश त्या वर्षी पडद्यावर उभा करायचा, याला धैर्य लागतं. पेशवाईची गोष्ट म्हणून तो पास झाला आणि लोकांना जे समजायचं ते समजलं.

‘किस्मत’चं तेच झालं. 9 जानेवारी 1943 या दिवशी तो लागला. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून जास्त चालला. त्यात कवी प्रदीप यांचं एक गाणं होतं, परक्यांना चालते व्हा म्हणून बजावणारं. शब्दांत जर्मन आणि जपानी होते, म्हणून सेन्सॉरने सोडलं. प्रेक्षकांनी मात्र इंग्रज ऐकला. ठिकठिकाणी लोक ओरडून रीळ मागे घ्यायला लावायचे आणि ते गाणं पुन्हा बघायचे. युद्धाच्या काळातल्या आपल्या सिनेमातली मला सगळ्यांत आवडणारी हकीकत हीच. सरकारला वाटत होतं की पडदा आपला आहे. अंधारात बसलेल्या माणसांनी तो दोन-तीन मिनिटांसाठी काढून घेतला.

आमच्याहून दिवसाच्या अंतरावर असलेल्या सोलापूरच्या एका मुलाची गोष्टही या परवान्याच्या राज्यातच पडद्यावर आली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म 1910. काँग्रेसने 1938 साली चीनला जे पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक पाठवलं, त्यात ते होते. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणिसांचं काम स्वतः केलं. सरकारला युद्धाला मदत करणारं चित्र हवं होतं. जपान हा शत्रू, तेव्हा विषयाला हरकत घेता येईना. शांतारामांनी मात्र त्यात इंग्रजांचं सैन्य गौरवलं नाही, सोलापूरच्या माणसाचा त्याग दाखवला. चित्रपट लोकांसमोर आला 1946 साली. तोवर हिरोशिमा होऊन गेलं होतं, युद्ध संपलं होतं. ज्या कारणासाठी परवाना मिळाला ते कारणच उरलं नव्हतं. चित्रपट उरला. चीनमध्ये आजही कोटणिसांची समाधी आहे, सोलापुरात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे.

तिकडे खुद्द इंग्लंडने याच महायुद्धात, 3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध जाहीर झाल्याबरोबर सगळी चित्रपटगृहं बंद केली होती. बॉम्ब पडला तर एका ठिकाणी शेकडो माणसं मरतील, ही भीती. थोड्याच दिवसांत ती उघडावी लागली. लोकांना घरात अंधार करून बसवत नव्हतं. युद्ध संपताना तिथे आठवड्याला सुमारे तीन कोटी तिकिटं खपत होती, युद्धाआधी दोन कोटींच्या आत होती. माणसाला संकटात माणसांची सोबत लागते, हेच याचं कारण. सिनेमा कुठलाही असो.

आता खरं युद्ध. मुरुडच्या अंगावर आलेलं युद्ध एकच, 1947-48 चं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या त्या वर्षात गावं उठली, बायकामुलं बार्शीकडे सरहद्दीपलीकडे गेली, तिथल्या कॅम्पांमधून तरुण लढले. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गवर आली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्या वर्षाबद्दल आमच्याकडची म्हातारी माणसं कमी बोलायची. दोन्ही बाजूंच्या घरांनी सोसलं होतं आणि पुढेही एकाच गावात राहायचं होतं. त्या युद्धाचा मराठी चित्रपट आला तो ‘रझाकार’, 2015 साली. सदुसष्ट वर्षांनी. ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांतले बहुतेक तोवर गेले होते. इतका उशीर मात्र मला मान्य नाही. हा उशीर धीराचा नाही. हैदराबाद संस्थानातल्या माणसांकडे मराठी सिनेमाने लक्ष दिलं नाही, असंच मी म्हणेन.

तंबूतल्या सिनेमाचे दिवस त्यानंतरचे. टुरिंग टॉकीजचा तंबू पाऊस उघडला, रानं वापशावर आली की यायचा आणि मिरगाच्या आधी उठायचा. दिवसा बैलगाडीतून किंवा जीपमधून कर्णा फिरायचा, पोरं हँडबिलांसाठी मागे धावायची. रात्री इंजिन सुरू झालं की त्याचा ठोका गावभर ऐकू यायचा. जेवणं उरकून माणसं निघायची, बसायला पोतं किंवा घोंगडी घेऊन. मध्ये दोरी किंवा कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. मागे थोड्या खुर्च्या, त्या पाटील, मास्तर, व्यापाऱ्यांसाठी. कोण खुर्चीवर, कोण जमिनीवर आणि कोण अगदी पडद्याला नाक लावून, हे गावाच्या उतरंडीप्रमाणेच ठरायचं. ते सांगितल्याशिवाय तंबूचं कौतुक करणं खोटं ठरेल. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की काळोख. त्या काळोखात फुटाण्याच्या पुड्या फुटायच्या, लेकरं रडायची, आणि आत्तापर्यंत काय झालं ते शेजारच्या म्हातारीला कुणीतरी समजावून सांगायचं.

या तंबूत ‘हकीकत’ आला. चेतन आनंदांनी 1962 च्या चीन युद्धावर काढलेला हा चित्रपट 1964 सालचा, आमच्याकडे पोचायला आणखी काळ गेला. तोवर बासष्टचा पराभव जुना झाला होता. पाकिस्तानशी 1965 चं युद्ध सप्टेंबरात, ऐन भादव्यात होऊन गेलं. तेव्हा तंबू उठलेलाच असायचा. म्हणजे लोक दुसरं युद्ध रेडिओवर जगले आणि त्यानंतर त्यांनी पहिलं युद्ध पडद्यावर पाहिलं.

माझी आत्या तेव्हा तरुण होती. तिला त्या चित्रपटातली लढाई आठवत नव्हती, कोण कुठून आला आणि कुठली चौकी पडली हे सांगता येत नव्हतं. तिच्या मनात राहिला होता बर्फ. तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. चित्रपट कृष्णधवल. ती सांगायची, की पयल्यांदा वाटलं समदीकडं मीठ पसरलंय. मग त्या पांढऱ्यात माणसाचे पाय रुतताना दिसले आणि कनातीच्या या बाजूला बायका कुजबुजायला लागल्या. इतक्या थंडीत हे पोरं पांघरतात काय? चूल कुठं पेटवतात? भाकरी कोण करतं? सेनापतींच्या चुका, दिल्लीचं धोरण, सीमेची रेषा यांतलं काही त्यांना विचारता आलं नसतं. पण सरकारलाच विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. 1962 साली आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय हिमालयात उभे होते, हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं. मुरुडच्या बायांना ते पाय बघून कळलं.

यशवंतराव चव्हाण 1962 च्या नोव्हेंबरात मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. संरक्षण निधीला गावोगाव बायकांनी अंगावरचं सोनं दिलं. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लता मंगेशकरांनी शहिदांसाठीचं ते गाणं म्हटलं. शब्द ‘किस्मत’वाल्या प्रदीप यांचेच, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. वीस वर्षांपूर्वी ज्या कवीने परक्याला हाकललं, त्यानेच आता गेलेल्यांसाठी डोळे पुसायला लावले. रेडिओवरून ते गाणं लवकर आलं. बर्फ मागाहून आला, आणि मग गाण्याचा अर्थ लागला असं आत्या म्हणायची. तिच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे.

1971 चं युद्ध 3 डिसेंबरला पेटलं. 16 ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी 17 डिसेंबरला, रात्री आठ वाजता पश्चिमेकडच्या तोफा थांबल्या. त्या दिवशी मार्गशीर्ष अमावस्या होती, म्हणजे आमची येळवस, वेळा अमावस्या. लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी इतकंच, की त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडतात, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि अंबिलाचा नैवेद्य होतो, उभ्या रब्बीत चर शिंपतात, ज्याला शेत नाही त्याला शेतवाला हाताला धरून जेवायला नेतो. मुरुडचं सगळं शिवार त्या दिवशी माणसांनी भरलेलं होतं, आणि ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर होता त्याच्या कोपीभोवती जास्त गर्दी. संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. घरातली मोठी माणसं सांगतात, त्या रात्री हेंडगे नेहमीपेक्षा उशिरापर्यंत शिवारात दिसत होते. लढाई थांबली ही बातमी मुरुडने अशी साजरी केली.

चित्रं नंतर आली. फिल्म्स डिव्हिजन 1948 साली सुरू झालं होतं आणि चित्रपटाआधी त्याची न्यूजरील दाखवणं सगळ्यांना बंधनकारक होतं. पण नवी प्रिंट आधी मोठ्या शहरांच्या मोठ्या चित्रपटगृहांना मिळायची, तिथून ती पायरीपायरीने खाली उतरायची. तंबूपर्यंत पोचेतो तिच्यावर रेघा पडलेल्या असायच्या आणि महिने उलटलेले असायचे. ढाक्याची शरणागती आमच्याकडे पडद्यावर आली तेव्हा 1972 चा दुष्काळ तोंडावर आला होता. पुढच्या हंगामात तर बघायला येणारी माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून यायची. एक सेनापती मान खाली घालून सही करतो आहे, नव्वद हजारांहून जास्त सैनिक कैद झाले असं निवेदक सांगतो आहे, आणि समोर जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तळहाताला फोड आलेले. टाळ्या पडायच्या. पण उन्माद नसायचा. निकाल ठाऊक होता, कोण परत आलं आणि कुणाच्या घरी तार आली हेही ठाऊक होतं. अशा घरातली बाई कनातीपलीकडे बसलेली असताना विजयाची आरोळी ठोकायला जीभ धजत नाही. टाळ्या वाजवून लोक थोडे गप्प व्हायचे आणि मग चित्रपट सुरू व्हायचा.

उशिराचं मोल मला वाटतं ते इथे. बातमी शिळी होऊन यायची, म्हणून तिच्यातली चिथावणी निवलेली असायची. उरायची ती माणसं. सरकारने ती न्यूजरील प्रचारासाठीच केलेली असायची, यात शंका नाही. 1943 साली इंग्रजांनी केली, 1971 साली आपल्या सरकारने केली. पण शेजारी बसलेल्या माणसाचं दुःख माहीत असलेल्या गर्दीत प्रचाराचं विष बरंच कमी होतं.

26 जुलै 2019 या कारगिल विजय दिनी महाराष्ट्र सरकारने राज्यभरच्या सुमारे पाचशे चित्रपटगृहांत ‘उरी’ चित्रपट तरुणांना फुकट दाखवला. त्यात पुढाकार होता तेव्हाचे माजी सैनिक कल्याण मंत्री संभाजी पाटील निलंगेकर यांचा, म्हणजे आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या माणसाचा. पोरांनी एकत्र बसून सैनिकांची गोष्ट पाहिली, याचं मला बरंच वाटलं. पण त्या प्रयोगांना सैनिकांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवून नंतर त्यांना चार शब्द बोलू द्यायला हवे होते, असंही वाटलं.

2025 च्या मे महिन्यात उलटं घडलं. 7 मे ते 10 मे, पाकिस्तानशी चार दिवसांची लढाई. ‘भूल चूक माफ’ नावाचा साधा कौटुंबिक चित्रपट 9 तारखेला लागायचा होता, सुरक्षेचं कारण देऊन निर्मात्यांनी तो ऐनवेळी चित्रपटगृहातून काढला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 23 मे रोजी तो लागला. इकडे चित्रपटगृह सुनं आणि तिकडे प्रत्येकाच्या हातात पडदा. न झालेले हल्ले झाले म्हणून वाहिन्यांनी सांगितले, संगणकावरच्या खेळातली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. मुरुडच्या बसस्थानकावर पोरं ती एकमेकांना पाठवत होती. घडायच्या आधीच युद्ध पोचलं होतं. जो तो एकटा बघत होता, ज्याचं पोरगं सीमेवर आहे ते घर शेजारी असूनही दिसत नव्हतं. मला तंबूचे दिवस परत आणायचे नाहीत. त्यात जातीची बैठक होती, बायकांना कनातीआड बसावं लागत होतं. पण युद्ध बघायचं तर दहा माणसांत बसून, निवल्यावर बघावं, एवढं त्या दिवसांचं शहाणपण मी मानतो.

‘हकीकत’ तंबूत पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत. तंबू चालवणारे, इंजिन सांभाळणारे, रीळ फिरवणारे यांच्यातले फार थोडे उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपट जपले जातात, पण ते मुरुडला, ढोकीला, तेरला, कळंबला कुणी कुठे बसून पाहिले याची नोंद तिथे नसते. ती नोंद आपल्याच घरांत आहे. तुमच्या आजीला विचारा, तिने बर्फ पहिल्यांदा कुठे पाहिला. पेटीच्या तळाशी एखादं हँडबिल असेल तर फेकू नका. आणि विचारणं पुढच्या येळवशीवर ढकलू नका.